डॉक्टरांचे दोन अर्ज, आपला एकही नाही

पर्लकोटेला पूर आला आणि भामरागडचा संपर्क तुटला, ही बातमी आपल्या जिल्ह्यातल्या वाचकाला तोंडपाठ आहे. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्या जिथे मिळतात तिथे तालुक्याचे गाव वसले, तेव्हा पूर हा आपल्या पाचवीलाच पुजलेला. पण आज लिहायचे आहे ते दुसऱ्याच एका तुटण्याविषयी. तो संपर्क साधारण मार्च महिन्यात तुटतो, ऐन उन्हाच्या सुरुवातीला, आणि त्याची बातमी कुठेच येत नाही.

मागच्या रोवणीच्या दिवसांत नातवाला ताप भरला म्हणून त्याला घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो होतो. कोणत्या, ते सांगत नाही. तालुक्यातले एक धरा. लाइन गेलेली. डॉक्टर लातूरकडचे, पंचवीस-सव्वीस वर्षांचे पोर, एक वर्षाच्या बाँडवर आलेले. बोटातून रक्त घेतले, किटवर हिवताप निघाला, गोळ्या दिल्या, पहिला डोस समोर बसवून पाजला. काम चोख. पाऊस थांबेपर्यंत बसा म्हणाले म्हणून बसलो, तर टेबलावर चार्जिंगच्या दिव्याखाली दोन जाडजूड पुस्तके उघडी. मी विचारले, "डॉक्टरसाहेब, अजून परीक्षा संपल्या नाहीत काय?"

"काका, खऱ्या परीक्षा तर आताच सुरू झाल्यात. हे पुस्तक इकडचं, नीट पीजीचं. आणि हे तिकडचं, अमेरिकेचं. दोन्हीकडं फॉर्म भरणार आहे."

"एकाच वेळी?"

"एकाच वेळी. काय सांगावं, कुठं लागेल ते!"

घरी येऊन ही गोष्ट पारावर सांगितली तर एक जण ताडकन बोलला, "आपल्या पैशानं शिकते अन् अमेरिकेत जाते. मंग आमी कोनाच्या तोंडाकडं पाहावं?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. पण रात्री विचार करता करता वाटले, आपण मान जरा लवकरच डोलावली. म्हणून नंतर दोन-तीनदा त्या डॉक्टरांकडे जाऊन सगळे नीट समजून घेतले, नागपूरला शिकणाऱ्या ओळखीच्या मुलांनाही विचारले. ते शेतकरी बांधवांसमोर आणि सरपंच-सचिव मंडळींसमोर ठेवतो.

आधी रेसिडेन्सी म्हणजे काय ते. एमबीबीएस झाले की माणूस डॉक्टर होतो, पण तज्ज्ञ होत नाही. तज्ज्ञ व्हायला मोठ्या रुग्णालयात तीन वर्षे राहून, रात्रंदिवस राबून, विद्यावेतन घेत शिकावे लागते. त्याला रेसिडेन्सी म्हणतात. आपण ज्याला एमडी, एमएस म्हणतो ते यातूनच होते. अडलेल्या बाईचे सिझेरियन करणारा, तिला भूल देणारा आणि जन्मलेल्या कमी वजनाच्या बाळाला सांभाळणारा, हे तिन्ही लोक रेसिडेन्सीतूनच तयार होतात. २०२४ च्या पावसाळ्यात आपल्याच तालुक्यात एका गरोदर बाईला जेसीबीच्या बकेटमध्ये बसवून नाला पार करावा लागला. ते चित्र राज्यभर गाजले. रस्त्यावर बोलले सगळे, आणि बोलायलाच पाहिजे. पण नाला पार केल्यावर पुढे कोण भेटणार, हा प्रश्न कोणी विचारला नाही. पलीकडे स्त्रीरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ दोघेही असतील तरच त्या नाला पार करण्याला अर्थ.

आता इकडचा हिशेब पाहा. रेसिडेन्सीसाठी देशभरातली मुख्य परीक्षा म्हणजे नीट पीजी. बसणारे दोन लाखांवर आणि जागा सत्तर हजारांच्या घरात. त्यातही ज्या विषयाची जागा हवी ती मिळेलच असे नाही. खासगी महाविद्यालयाची फी ऐकली तर आपली शेतीवाडी विकूनही पुरणार नाही. हे एक वेळ सोडा. स्पर्धा सगळीकडेच आहे. पण परीक्षेची तारीख तरी धड असावी की नाही? २०२१ ची परीक्षा सप्टेंबरमध्ये झाली, २०२२ ची मे महिन्यात, २०२३ ची मार्चमध्ये. २०२४ ची २३ जूनला ठरली होती आणि आदल्या रात्री पुढे ढकलली. पोरे गाड्या पकडून परीक्षेच्या गावी पोहोचली होती. मग ती ११ ऑगस्टला झाली. २०२५ ची १५ जूनला ठरली आणि ३ ऑगस्टला झाली. परीक्षा लांबली की प्रवेशाच्या फेऱ्या लांबतात आणि त्या पार हिवाळा संपेपर्यंत चालतात. आपल्याकडे नक्षत्रे तरी ठरल्या दिवशी लागतात, पाऊस पडो न पडो. इथे नक्षत्राचाच पत्ता नाही.

तिकडचे उलट. अमेरिकेत परीक्षा टप्प्याटप्प्याने द्यायच्या. एकेका टप्प्याचे शुल्क हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे आपल्या एखाद्या एकराच्या धानाचे उत्पन्न एका पेपरातच गेले समजा. सप्टेंबरात अर्ज, थंडीत मुलाखती. मग उमेदवार आपल्या पसंतीच्या रुग्णालयांची यादी देतो, रुग्णालय आपल्या पसंतीच्या उमेदवारांची यादी देते, आणि संगणक दोन्ही याद्या जुळवतो. निकाल मार्चच्या मध्यावर, आणि कामावर हजेरी जुलैत. वर्षानुवर्षे हाच क्रम. बाहेरच्या देशांतून शिकून अर्ज करणाऱ्यांपैकी अलीकडच्या वर्षांत शंभरातल्या अठ्ठावन्न-साठ जणांची जुळणी होते. बाकीचे खर्च करून हात हलवत परत. इंग्लंडचा मार्ग वेगळा. प्लॅब नावाची परीक्षा, तिचा पहिला भाग इथे देता येतो, दुसऱ्यासाठी मँचेस्टरला जावे लागते. आणि तिकडेही आता पूर्वीसारखे सोपे राहिलेले नाही.

शिवाय दार कधी बंद होईल याचा नेम नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने बाहेरून येणाऱ्यांच्या नव्या एच-वन-बी व्हिसावर एक लाख डॉलरचे शुल्क लावले. त्या व्हिसावर डोळा ठेवून बसलेल्यांचे हिशेब एका रात्रीत कोलमडले.

म्हणून हे पोरगे दोन्हीकडे फॉर्म भरते. यात मला तरी पाप दिसत नाही. पावसाचा भरवसा नसला की आपणही एकाच ठिकाणी पऱ्हे टाकत नाही. थोडे नाल्याकाठच्या बांधीत टाकतो, थोडे टेकराच्या बांधीत. इकडचे सडले तर तिकडचे कामी येते. दोन्ही जगले तर रोवणी एकीकडच्याच पऱ्ह्याने उरकते आणि दुसरे ढोरांच्या पुढ्यात जाते. आपल्या पऱ्ह्यांच्या बाबतीत हा तोटा पायलीभर बियाण्याचा. डॉक्टरांच्या बाबतीत तो कितीचा, ते आता सांगतो. खरी मेख इथे आहे.

समजा एका डॉक्टराला इकडे एमडीची जागा मिळाली. परीक्षा ऑगस्टमध्ये झालेली, त्यामुळे प्रवेश घेऊन कामावर रुजू होता होता हिवाळा लागला. मार्चमध्ये अमेरिकेचा निकाल आला, नाव लागले. मे-जूनमध्ये हा इकडची जागा सोडून विमानात बसला. तोवर इकडच्या प्रवेशाच्या सगळ्या फेऱ्या आटोपलेल्या. ती जागा आता कोणाला देता येत नाही. ज्याला ती हवी होती आणि अर्ध्या गुणाने हुकली, तो खेड्यातला पोरगा पुन्हा वर्षभर परीक्षेची घोकंपट्टी करत बसतो. आणि ती एक जागा तीन वर्षे ओस. म्हणजे तीन वर्षांनी जो एक स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा भूलतज्ज्ञ बाहेर पडायचा तो पडतच नाही. मी सुरुवातीला मार्चमधल्या तुटण्याबद्दल लिहिले ते हेच. असे दरवर्षी किती होते याचा आकडा माझ्याकडे नाही, पण एका भूलतज्ज्ञावर आख्ख्या तालुक्याच्या शस्त्रक्रिया अवलंबून असतात, तिथे एकही जागा वाया जाणे परवडणारे नाही.

यावर इलाज म्हणून आजवर दंड होता. जागा सोडली तर एवढे लाख भरा. त्या ओझ्यापायी कित्येक मुले मनाविरुद्ध अडकून पडली, खचली. जानेवारी २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने राज्यांना सुचवले की हा दंड काढून टाका, त्याऐवजी जागा सोडणाऱ्याला एक वर्ष प्रवेशबंदी करा. ठीक आहे. पण जो अमेरिकेला निघाला त्याला इथल्या प्रवेशबंदीचे काय सोयरसुतक? ती बंदी नडेल ती इथेच राहणाऱ्याला.

अमेरिका आणि कॅनडा या दोन शेजाऱ्यांनी मात्र आपसात ठरवून टाकले आहे. एकीकडे नाव लागले की दुसरीकडच्या यादीतून ते काढले जाते. भांडण नाही, दंड नाही, जागा अडकून राहत नाही. आपल्याकडे हे व्हायला अमेरिकेशी करारही नको. परीक्षा दरवर्षी ठरल्या महिन्यात घ्या, प्रवेश वेळेत उरका, आणि उशिरा रिकाम्या झालेल्या जागा पुढच्या क्रमांकाला देण्याची सोय ठेवा. निम्मा प्रश्न तिथेच सुटेल. दिल्लीत बसलेल्यांना हे कळत नाही असे नाही. आमच्याकडच्या नाल्यावरचा पूल जसा दरवर्षी अंदाजपत्रकात असतो तसेच हेही असावे.

आता 'आपल्या पैशाने शिकून पळतात' या आरोपाकडे येऊ. परदेशी जाऊन शिकणे हा गुन्हा असता तर आनंदीबाई जोशींपासून सगळ्यांनाच आरोपी करावे लागेल. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला डॉक्टर होऊन त्या परत आल्या, कोल्हापूरच्या दवाखान्यात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांना मिळाली होती, पण १८८७ च्या फेब्रुवारीत क्षयाने गेल्या. रखमाबाई लंडनला शिकून १८९४ नंतर सुरत-राजकोटकडे आयुष्यभर बायकांची सेवा करत राहिल्या. लांबचे कशाला, आपल्याच जिल्ह्यात पाहा. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग १९८४ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकले आणि १९८६ पासून गडचिरोलीत 'सर्च' उभी केली. खेड्यातल्या बायांना शिकवून घरातल्या घरात नवजात बाळ सांभाळण्याची त्यांची पद्धत गडचिरोलीच्या ३९ गावांत तपासली गेली, बालमृत्यूंत मोठी घट झाली, आणि १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी फेऱ्या घालते, तिच्या पिशवीत काटा आणि तापमापक असतो, त्यामागे हे काम आहे. म्हणजे परदेशी गेलेले शिक्षण परत आले तर ते थेट पोटेगाव-धानोऱ्याच्या झोपडीपर्यंत पोहोचते.

आणि हेमलकसा तर भामरागडपासून हाकेच्या अंतरावर. बाबा आमट्यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आमटे नागपुरातले सर्जरीचे पदव्युत्तर शिक्षण अर्धवट टाकून इथे आले, सोबत भूलतज्ज्ञ असलेल्या डॉ. मंदाकिनी. तेव्हा ना वीज, ना रस्ता. झाडाखाली दवाखाना. माडिया माणूस डॉक्टरला पाहून पळायचा. पुढे त्याच आश्रमशाळेत शिकलेली माडिया मुले डॉक्टर झाली.

आमट्यांचे नाव निघाले की आपल्या मंडळींची एक खोड मात्र उघडी पडते. बदलून आलेल्या प्रत्येक तरुण डॉक्टरला आपण म्हणतो, "पाहा आमटेसाहेब कसे राहिले, तुम्हाला काय होते?" अहो, आमटे तालुक्याला एकदाच लाभतात. एवढा त्याग सगळ्यांनी करावा असे गृहीत धरून सरकार चालत नाही. शेतीतही एखादा विक्रमी उत्पादन काढतो म्हणून बाकीच्यांना कोणी हमीभाव नाकारत नाही. त्या पोराच्या डोक्यावर शिक्षणाचे कर्ज असते, आईबाप लातूरला, लग्न ठरलेले, मुलगीही डॉक्टर. तिला मुंबईकडे नेमणूक आणि याला भामरागड. त्याने वर्ष संपायची वाट पाहिली तर नवल काय!

आता एक गंमत सांगतो. अमेरिकेतही खेड्यात डॉक्टर टिकत नाही. गव्हाची मोठमोठी शेते, विरळ वस्ती, हिवाळ्यात बर्फाने रस्ते बंद. आपले पुराने तुटते, त्यांचे बर्फाने. त्यांच्याच तरुण डॉक्टरांना शहर हवे असते. मग त्यांनी काय केले? तिथे जे-वन व्हिसावर रेसिडेन्सी करणाऱ्या परदेशी डॉक्टरला शिक्षण संपल्यावर दोन वर्षे मायदेशी परतावे लागते. आपले केंद्रीय आरोग्य मंत्रालयच तसे पत्र देते की या डॉक्टरची आम्हाला गरज आहे, शिकून तो परत येईल. पण १९९४ मध्ये नॉर्थ डाकोटा या शेतकी राज्याचे सिनेटर केंट कॉनराड यांनी एक कायदा करून घेतला. ज्या भागात डॉक्टर नाहीत तिथे तीन वर्षे काम करण्याचे जो लिहून देईल, त्याला परत जाण्याच्या अटीतून सूट. सुरुवातीला प्रत्येक राज्याला वर्षाला वीस जागा होत्या, २००२ नंतर तीस झाल्या. मुदतीचा कायदा, दर थोड्या वर्षांनी त्यांची संसद वाढवून देते. कॅनडातला ऑंटारियो प्रांतही परदेशात शिकलेल्यांना रेसिडेन्सी देताना अशीच अट घालत आला आहे, की शिकून झाल्यावर काही वर्षे मोठी शहरे सोडून इतरत्र काम करावे लागेल.

म्हणजे पाहा. आपल्या मंत्रालयाने लिहून दिले की गरज आहे. डॉक्टरने लिहून दिले की येईन. आणि नॉर्थ डाकोटाच्या गावाने मधल्या मध्ये त्याला ठेवून घेतले, कारण त्या गावाने आपली गरज कागदावर नीट मांडली, त्याला दवाखाना दिला, घर दिले, आणि त्याला हवी असलेली वस्तू, म्हणजे तिथे राहण्याची परवानगी, कामाच्या बदल्यात दिली. अमेरिकेत आज चार डॉक्टरांत एक बाहेर शिकलेला आहे. लातूरच्या पोराने भामरागडात एक वर्ष काढले आणि उद्या तो नॉर्थ डाकोटात तीन वर्षे काढील. दोन्ही खेडीच. तिथे तो राहील, इथे राहणार नाही. मला या गोष्टीचा राग येत होता. आता राग कमी आणि लाज जास्त वाटते.

कारण आपल्याकडे देण्यासारखी वस्तू नाही असे नाही. त्याला काय हवे आहे? रेसिडेन्सी हवी आहे. मग इथली सेवा आणि रेसिडेन्सी यांची सांगड घाला. नियम त्या बाजूने आहेत. दुर्गम भागात काम करणाऱ्या सरकारी सेवेतल्या डॉक्टरला पदव्युत्तर प्रवेशात वर्षाला दहा टक्के, जास्तीत जास्त तीस टक्के वाढीव गुण, या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये उचलून धरले. सेवेतल्या डॉक्टरांसाठी राज्यांना वेगळा कोटा ठेवता येतो, हेही त्याच न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०२० च्या निकालात सांगितले. पण भामरागडात येणाऱ्या बाँडवाल्या पोराला पहिल्या दिवशी कोणी बसवून हे समजावून सांगते काय? इथे आणखी दोन वर्षे थांबलास तर तुझी जागा अमुक, असे कोणी कागदावर देते काय? त्याला सांगतात ते एवढेच, की बाँड पुरा केला नाही तर दहा लाख भर. धाकाने बैलही दोन दिवस चालतो, तिसऱ्या दिवशी बसकण मारतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे आणि फार कमी लोकांना ठाऊक आहे. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्राने नियम केला की प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याने तीन महिने जिल्हा पातळीच्या रुग्णालयात काम करायचे. डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी म्हणतात त्याला. २०२१ मध्ये प्रवेश घेतलेल्या तुकडीपासून हा नियम लागू झाला. म्हणजे नागपूरच्या मेडिकलमध्ये भूलशास्त्र शिकणारी मुलगी, स्त्रीरोग शिकणारा मुलगा, बालरोग शिकणारा, यांना तीन महिने बाहेर पाठवणे कॉलेजला भागच आहे. हे तिघे एकत्र, आणि तेही जून ते सप्टेंबर या पुराच्या महिन्यांत, गडचिरोलीच्या पुढे अहेरीच्या उपजिल्हा रुग्णालयापर्यंत आले, तर पेरमिलीच्या, लाहेरीच्या, आरेवाड्याच्या बाईला किती अंतर वाचेल ते तुम्हीच मोजा. त्यांच्यावर शिकवणारा वरिष्ठ हवा, राहायला जागा हवी, रक्तसाठा हवा, हे सगळे कबूल. शिकाऊ माणसाला एकटे सोडून द्या असे मी म्हणत नाही. पण मागणी तर करा.

आणि आता जिल्ह्याचे स्वतःचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. चंद्रपूरला २०१५ मध्ये झाले, गडचिरोलीच्या महाविद्यालयाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. आज तिथे एमबीबीएसची पोरे शिकत आहेत. उद्या तिथे पदव्युत्तर जागा येतील तेव्हा त्या कोणत्या विषयांच्या असाव्यात, हे आत्ताच बोलले पाहिजे. पहिल्या जागा भूलशास्त्र, स्त्रीरोग आणि बालरोगाच्या मागा. त्वचेचा आणि क्ष-किरणाचा डॉक्टर नंतर आला तरी चालेल. त्या कॉलेजात आपल्या आश्रमशाळांतली किती मुले पोहोचतात, हा पुन्हा वेगळा आणि मोठा विषय, तो कधीतरी स्वतंत्र लिहीन. एवढेच म्हणतो की ज्याची आई माडिया बोलते त्याला भामरागड ही शिक्षा वाटत नाही.

सरकारचे झाले. आता घरचे.

त्या डॉक्टरांच्या क्वार्टरमध्ये मी गेलो तेव्हा पलंगावर ताडपत्री बांधलेली होती. छतातून पाणी गळत होते, पुस्तके एका पत्र्याच्या पेटीत. नळाला पाणी नाही, शिपाई बोअरवरून आणून देतो. फॉर्म भरायचा तर रेंजसाठी गाडी काढून पुढच्या गावी जायचे. स्वयंपाकाला बाई मिळत नाही. तीन महिन्यांत गावातल्या एकाही कारभाऱ्याने त्यांना सणाला घरी जेवायला बोलावले नव्हते. मीसुद्धा नाही. पोळ्याला आम्ही बैल सजवून वाजतगाजत दवाखान्यासमोरून नेले, आत एकटे पोरगे खिचडी खात बसले होते. उलट रात्री दोनला दारू पिऊन पडलेल्याला घेऊन चार जण दारावर लाथा मारतात, ते मात्र न चुकता. दारूबंदीचा जिल्हा आपला, १९९३ पासून!

शासन एकस्तर वेतन देते, नक्षल भत्ता देते, हे खरे. पण गळके छत भत्त्याने थांबत नाही. पेसा गावांना आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी २०१५ पासून थेट मिळतो, आणि त्यातून आरोग्यावर खर्च करता येतो. गेल्या चार-पाच वर्षांत आपल्या ग्रामपंचायतीने त्यातून दवाखान्यासाठी काय केले, हे पुढच्या ग्रामसभेत विचारा. उत्तर ऐकून कोणाला अपमान वाटला तर माझे नाव सांगा. गावची आरोग्य, पोषण व स्वच्छता समिती कागदावर आहेच. तिचे अध्यक्ष आणि सदस्य कोण, हे निम्म्या गावाला ठाऊक नाही.

डॉक्टर दोन देशांत दोन अर्ज भरतो. नॉर्थ डाकोटाचे गाव त्याच्यासाठी आपला अर्ज भरते. आपल्या गावांनी आजवर एकही भरला नाही. आपण करतो ते मोर्चे आणि निवेदने, तेही कोणी दगावल्यावर. माझी विनंती आहे की तालुक्यातल्या ग्रामसभांनी एक साधा ठराव घ्यावा. पहिले, पुराच्या चार महिन्यांत जिल्हा रेसिडेन्सीतले भूल, स्त्रीरोग आणि बालरोगाचे रेसिडेंट डॉक्टर वरिष्ठांसह अहेरीला द्यावेत. आणि भामरागड तालुक्यात बाँडवर येणाऱ्याला, तो नियमित सेवेत राहायला तयार असेल तर, पदव्युत्तर प्रवेशात काय मिळेल ते रुजू होतानाच लेखी द्यावे. नवरा-बायको दोघेही डॉक्टर असतील तर एकाच तालुक्यात नेमणूक, हेही त्यात घाला. त्याखाली ग्रामसभेने आपल्या बाजूचे लिहावे: क्वार्टरची दुरुस्ती आम्ही करू, पाण्याची सोय आम्ही करू, रात्री दवाखान्यात धिंगाणा घालणाऱ्याला आम्ही पाहू. आपण काय देतो ते लिहिले नाही तर तो अर्ज राहत नाही, नुसती तक्रार होते. ठरावाच्या प्रती जिल्हा शल्य चिकित्सक, जिल्हा आरोग्य अधिकारी आणि वैद्यकीय महाविद्यालयाचे अधिष्ठाता या तिघांना पाठवा. पोच घ्यायला विसरू नका.

एवढ्याने आमचे लातूरचे डॉक्टर थांबतील असे मला वाटत नाही. त्यांचे दोन्ही अर्ज गेलेले आहेत आणि त्यांचे भले व्हावे. नातू आता बरा आहे. त्यांच्या जागी जो येईल त्याच्याकरिता छताचे काम उन्हाळ्यात उरकून घ्या, असे आमच्या सचिवांना सांगून ठेवले आहे. ते म्हणाले, अंदाजपत्रक लागेल. मी म्हटले, मी येतो सोबत, मोजमाप उद्याच करू.